वायर जाईल तिथे खटका

जीपचा सेल्फ पायाने मारायचा, हे आता सांगितलं तर दुकानातली पोरं हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला सहा व्होल्टची बॅटरी होती. थंड इंजिन फिरवायचं तर तिच्यातून दोन-तीनशे अँपिअर ओढले जायचे. एवढा करंट वाहून न्यायला करंगळीएवढी जाड केबल लागते. ती वर डॅशबोर्डपर्यंत न्यायची, स्विचमधून फिरवायची आणि परत खाली स्टार्टरला आणायची, म्हणजे तांबंही जास्त जातं आणि वाटेत व्होल्टेजही पडतं. म्हणून बनवणाऱ्यांनी सरळ हिशेब केला. केबल जिथून जाते तिथेच, फ्लोअरवर, अ‍ॅक्सिलरेटरच्या शेजारी एक दणकट बटण बसवलं. ड्रायव्हरने पाय तिकडे न्यावा, केबल ड्रायव्हरकडे येणार नाही.

गाडीतला अमुक स्विच इथेच का, असं कुणी विचारलं की लोक ड्रायव्हरच्या सोयीचं काहीतरी सांगतात. मी नाशिकला सारडा सर्कल ते द्वारका या पट्ट्यात गाड्यांचं वायरिंग करत म्हातारा झालो. माझं म्हणणं वेगळं आहे. खटक्याची जागा आधी वायर ठरवते, मग पैसा ठरवतो, आणि ड्रायव्हरचा नंबर त्यानंतर लागतो. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत नाशिकच्या रस्त्यांवर ज्या गाड्या धावल्या त्यांच्या डॅशबोर्डांखाली आडवं पडून हे मी शिकलो.

माझे उस्ताद भद्रकालीचे. त्यांनी काम शिकलं ते लष्कराने काढून टाकलेल्या जीपांवर. युद्ध संपल्यावर देशभर असल्या गाड्या लिलावात निघाल्या, लोक त्यांना ‘डिस्पोजल’च म्हणायचे. देवळालीची छावणी शेजारी असल्यावर नाशिकला त्यांची ओळख लवकरच झाली. त्या जीपच्या दिव्याचा खटका मी स्वतः उघडलेला आहे. ओढायचा खटका. एक टप्पा ओढला की फक्त ब्लॅकआउटचे बारके, झाकलेले दिवे. त्यापुढे मोठे दिवे लावायचे तर शेजारचं छोटं लॉक-बटण दाबल्याशिवाय खटका बाहेर येतच नाही. आघाडीवर अंधारात चुकून हेडलाइट लागला तर गोळी येणार, म्हणून ही अडकण. पुढे तीच जीप द्राक्षबागायतदाराच्या दारात उभी राहिली, शत्रू कुणी नाही, तरी हेडलाइट लावायला दोन हात लागायचेच. उस्ताद बहुतेकांना ते लॉक घासून काढून द्यायचे.

हँडल मारून गाडी चालू करण्याच्या कटकटीतून जगाला सोडवलं ते चार्ल्स केटरिंगच्या सेल्फ-स्टार्टरने, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये. पण पायातला खटका हातात यायला सोलेनॉइड लागला. सोलेनॉइड म्हणजे करंटचा हमाल. किल्लीतून त्याला चार-पाच अँपिअरची नुसती खूण करायची, जाड केबलचं ओझं तो बॉनेटखालीच उचलतो. हे एकदा जमलं आणि सेल्फचा खटका फ्लोअरवरून उठून किल्लीत जाऊन बसला. नीट पाहिलं तर पुढची सगळी गोष्ट हीच आहे. करंट खटक्यापासून जसजसा लांब गेला, तसतसा खटका माणसाजवळ आला.

पायातून निघायला सगळ्यात जास्त वेळ लावला तो डिपरने, म्हणजे हेडलाइट वर-खाली करणाऱ्या खटक्याने. अँबेसिडर घ्या. उत्तरपाऱ्याला ती १९५० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली आणि २०१४ ला थांबली. तिचा डिपर कित्येक वर्षं क्लचच्या डावीकडे फ्लोअरवर होता. डाव्या पायाने दाबला की अप्पर, पुन्हा दाबला की डिपर. सपाट रस्त्यावर मजा यायची, हात मोकळे राहायचे. कसारा घाटात मात्र या खटक्याने माणसं रडवली. चढाला वळण आलं, समोरून ट्रक आला, गिअर टाकायचा म्हणून डावा पाय क्लचवर, आणि त्याच क्षणी दिवे खाली घ्यायचे तर पाय आणायचा कुठून? समोरच्याला वाटायचं, हा मुद्दाम डोळ्यांत लाइट मारतोय. तोही मग अप्परच ठेवायचा.

आणि पाऊस. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बुटांचा चिखल, दाराखालून शिरलेलं पाणी, ओली गोणपाटं, हे सगळं त्या फ्लोअरच्या खटक्यावर. जून लागला की माझ्याकडे डिपर अडकलेल्या गाड्यांची रांग लागायची. खटका उघडा, पेट्रोलने धुवा, पॉलिश पेपरने टिकल्या घासा, व्हॅसलिन भरा, रबरी टोपी घाला. काही ड्रायव्हर सायकलची ट्यूब कापून टोपीवर आणखी एक टोपी चढवायचे. माझ्या मते तेच जास्त टिकायचं.

डिपर हातात आणला तो आपल्याकडे फियाटने. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची अकराशे, १९७४ पासून जिचं नाव पद्मिनी झालं ती. स्टिअरिंग कॉलमला दांड्या. एका बाजूला गिअरची, दुसऱ्या बाजूला दिव्याची आणि इंडिकेटरची. द्वारकेहून दादरला टॅक्सी नेणारे ड्रायव्हर घाटात या दांडीचं कौतुक करायचे. बोटाने डिपर मारता येतो म्हणजे समोरच्या ट्रकशी बोलता येतं. एकदा मारला की ‘तू ये’, दोनदा मारला की ‘मी आलो, थांब’. ट्रकांच्या मागे रात्री डिपर वापरा असं लिहिलेलं असायचं, पण या भाषेचं व्याकरण कुठल्याच आरटीओने शिकवलं नव्हतं.

हात सुखावला, पण कळ दांडीला लागली, ती कशी ते जरा बारकाईने सांगतो. पायातला खटका पितळेचा, जाड, मजबूत. कॉलममधला खटका त्याच्या निम्म्याहून लहान आणि पुढे तर प्लास्टिकचा. हेडलाइटचा सगळा करंट मात्र त्याच्यातूनच जायचा. साधे ४५/४० वॅटचे बल्ब असतील तर अप्परला दोन मिळून ९० वॅट, बारा व्होल्टला साडेसात अँपिअर. खटका ते झेपवायचा. पण नाशिक-मुंबई रात्रीची लाइन मारणाऱ्याला त्या पिवळट उजेडात काय दिसणार? तो १००/९० चे हॅलोजन टाकायचा. आता २०० वॅट, म्हणजे जवळपास सतरा अँपिअर.

अशा एका गाडीचा कॉम्बिनेशन स्विच मी टेबलावर उघडून पोरांना दाखवायला ठेवला होता, कंपनीचं नाव सांगण्याचं कारण नाही, कारण दोष बल्ब टाकणाऱ्याचा होता. आत एक पांढरी प्लास्टिकची पाळणी, तिच्याखाली स्प्रिंग, स्प्रिंगच्या टोकाला हरभऱ्यापेक्षा लहान पोलादी गोळी. दांडी हलली की गोळी एका खाचेतून दुसऱ्या खाचेत उडी मारते, बोटाला जो ‘टक’ लागतो तो या गोळीचा. पाळणीच्या पोटाला तांब्याची पट्टी, ती समोरच्या दोन टिकल्यांना टेकते. अप्परची टिकली काळी पडून खड्डा झालेली, भोवतीचं प्लास्टिक वितळून टिकलीवर ओघळलेलं, आणि ग्रीसचा कोळसा झालेला. गिऱ्हाइकाची तक्रार एवढीच होती की अप्पर मधूनच जातो. घाटात मधूनच जाणारा अप्पर!

यावर इलाज एकच, रिले. आमच्या धंद्यात सोलेनॉइडच्या या धाकट्या भावाने जेवढी घरं चालवली तेवढी कुणी नाही. बॅटरीवरून फ्यूज घालून सरळ जाड वायर हेडलाइटला, मध्ये रिले, आणि दांडीकडून फक्त रिलेला इशारा. स्विच थंड, लाइट पांढराशुभ्र. कंपन्यांनी हे गाडीतच द्यायला सुरुवात केली तेव्हा आमचं एक काम गेलं, पण गाड्या सुधारल्या हेही खरं.

डिझेलच्या गाड्यांचं डॅशबोर्ड वेगळंच प्रकरण होतं. नाशिक हे तसं डिझेलचं गाव. सातपूरला मायको, म्हणजे आताची बॉश, डिझेल इंजिनांचे नोझल बनवते. महिंद्राचा कारखानाही इथलाच. पेट्रोलची गाडी किल्ली फिरवली की बंद होते, कारण ठिणगीच बंद होते. डिझेलला ठिणगी नाही, म्हणून जुन्या डिझेल जीपांना किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच. त्याला पंपाचं डिझेल तोडणारी नॉब ओढावी लागायची. नवा माणूस गाडी चालू ठेवूनच किल्ली खिशात घालून निघायचा. आणि सकाळी चालू करण्याआधी ‘हीटर मारायचा’. किल्ली मधल्या टप्प्यावर धरून ठेवायची, डॅशवर एक जाळीचं झाकण असायचं, त्याच्या आत तारेची कॉइल हळूहळू लाल व्हायची. ती लाल झाली की समजायचं, आत सिलिंडरमधले ग्लो प्लगही तापले. त्र्यंबकेश्वरच्या डिसेंबरात या कॉइलसमोर ड्रायव्हर हात शेकल्यासारखं करायचे, ऊब काही येत नसे. मला ही व्यवस्था आवडायची, कारण खटका काम करतोय हे डोळ्यांना दिसायचं. आज त्याच कामाला पिवळ्या वेटोळ्याचं चित्र लागतं.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि डॅशबोर्डवरचं बरंचसं दांड्यांत गेलं. वायपर एका दांडीत, दिवे नि इंडिकेटर दुसऱ्या दांडीत, वळण झालं की इंडिकेटर आपोआप परत. जपानी पद्धतीप्रमाणे इंडिकेटर उजव्या हाताला, वायपर डाव्या. आपल्याकडे हे सोयीचंच, डाव्या हाताने गिअर टाकताना उजव्या हाताने इंडिकेटर देता येतो. युरोपातल्या कंपन्यांनी मात्र इंडिकेटर डावीकडेच ठेवला, स्टिअरिंग कुठल्याही बाजूला असो. त्याचं कारणही पैसाच. जगभर एकच स्विच चालवायचा. नव्वदीनंतर त्यांच्या गाड्या इथे आल्या, पुढे स्कोडा, फोक्सवॅगन वाढल्या, आणि कडकडीत उन्हात वायपर फिरवत कॉलेज रोडवर वळणारी गाडी दिसायला लागली. मी ओळखायचो, काल घेतलेली दिसते.

याच सुमाराला खटक्यांवर चित्रंही आली. जुन्या खटक्यांवर काही लिहिलेलं नसायचं, असलं तर एखादं इंग्रजी अक्षर. ड्रायव्हर जागेवरून ओळखायचा. आता आयएसओ २५७५ नावाचं मानक आहे, त्यात प्रत्येक खुणेचं चित्र ठरलेलं, आपल्याकडचं तसंच मानक एआयएस ०७१. अप्परचे किरण सरळ, रंग निळा. डिपरचे किरण उतरते. इंडिकेटर हिरवा. ऑइलला झारी, लाल. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या ड्रायव्हरांना इंग्रजी वाचता यायचं नाही, त्यांना या चित्रांनी खरी मदत केली. शिकलेली माणसंच जास्त घोळ घालतात. हेडलाइटशेजारी शून्य ते तीन आकडे असलेली छोटी चकती असते, ती कशाला, हे विचारल्यावर मला उत्तर देणारा मालक क्वचित भेटला. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तो खाली उतरवायला ही चकती. लग्नसराईत ती सगळ्यांनी फिरवली पाहिजे.

लाल त्रिकोणाच्या, म्हणजे हझार्डच्या बटणाबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतो. चारही इंडिकेटर एकदम लावणारं हे बटण गाडी रस्त्यात बंद पडली तर मागच्याला कळावं म्हणून. आपल्या लोकांनी त्याचे दोन नवे अर्थ काढले. एक म्हणजे चौकात ‘मी सरळ जातोय’. दुसरा म्हणजे धुकं पडलं की लावून चालत राहायचं. ऑगस्टात इगतपुरीजवळ बघा, पन्नास गाड्या चारही दिवे मिचकावत चाललेल्या असतात. त्यातली एखादी लेन बदलते तेव्हा इंडिकेटर देऊच शकत नाही. धुक्याला हेडलाइट डिपरवर आणि फॉग लॅम्प, एवढं पुरतं.

नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या ज्या गाडीने माझ्या दुकानात सर्वांत जास्त वेळा ‘खटका कुठाय’ हा प्रश्न आणला, ती स्कॉर्पिओ. जून २००२ ला ती बाजारात आली. गावात अभिमान होता, आपल्या गावची गाडी. गिऱ्हाईक बसायचं, दाराच्या आतल्या बाजूला हात फिरवायचं, खिडकीचं बटण सापडायचं नाही. ते दोन सीटांच्या मध्ये होतं. महिंद्रा-रेनोची लोगान २००७ ला आली, तीही इथेच बनायची, तिचीही खिडकीची बटणं दारावर नव्हती, मधल्या भागातच. २०२० च्या थारलाही तीच जागा. लोक चिडायचे. मला मात्र त्यात जुनी अँबेसिडर दिसायची, जिची मीटरं डॅशच्या बरोबर मध्यभागी असायची. गाडीचा मधला भाग डावा-उजवा नसतो. स्टिअरिंग इकडे बसवा नाहीतर तिकडे, मधली वायर आणि मधलं बटण बदलावं लागत नाही.

दारावर बटण नसण्याचा आणखी एक फायदा आमच्यासारख्यांनाच ठाऊक असतो. दाराच्या बिजागरीपाशी एक रबरी नळी असते, तिच्यातून दाराच्या सगळ्या वायरी जातात. दार उघडलं की त्या वाकतात, लावलं की सरळ होतात. काही वर्षांनी तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात, वरचं प्लास्टिक शाबूत. मालक म्हणतो मोटार गेली, डीलर म्हणतो स्विच बदला, आणि दोष असतो त्या नळीतल्या बोटभर तुकड्यात. ड्रायव्हरच्या दारावर चारही काचांची बटणं दिली की त्या नळीतला जुडगा जाड होतो आणि लवकर तुटतो. तरी गिऱ्हाइकाचंच शेवटी चाललं. २०२४ च्या थार रॉक्समध्ये बटणं दारावर आली.

कंपनीने दिलेल्या खटक्यांचं एवढं झालं. आम्ही बसवलेले खटके कुठल्याच पुस्तकात नाहीत. इमोबिलायझर येण्याआधीच्या काळात प्रत्येक नव्या गाडीला चोर-स्विच लागायचा. इग्निशनची किंवा पेट्रोलपंपाची वायर तोडून तिच्यात एक छोटा टॉगल, आणि तो लपवायचा. जागा दोघांनाच माहीत, मालकाला आणि मला. सीटखाली बसवणारे कारागीर कच्चे, चोरही तिथेच आधी हात घालतो. चांगली जागा म्हणजे बसल्या बसल्या मालकाचा हात सहज जाईल, पण बघणाऱ्याला तो काही करतोय असं वाटणार नाही. मी कुठे कुठे बसवले ते अजूनही सांगणार नाही. त्यातल्या काही गाड्या चालू आहेत.

एका घरी मालक वारले. तेराव्यानंतर मुलांनी गाडी काढायला घेतली, तर सेल्फ फिरतो, इंजिन धरत नाही. दोन गॅरेजवाल्यांनी पंप खोलला. शेवटी आईंना आठवलं की हे द्वारकेच्या वायरमनकडे जायचे. मी गेलो, गाडीत बसलो, हात घातला, गाडी चालू केली आणि उतरलो. धाकट्याने विचारलं, ‘काका, काय केलंत?’ मी आधी आईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, दाखवा त्यांना. मग दाखवलं.

असाच दुसरा लपलेला खटका कंपनीचाच असतो, काही युरोपीय गाड्यांत. धक्का बसला की पेट्रोलपंप बंद करणारा इनर्शिया स्विच. टक्कर झाली तर आग लागू नये म्हणून तो दिला. आपल्या खड्ड्यांना तो टक्कर समजतो. घोटीच्या पुढे खड्ड्यात आपटून बंद पडलेली गाडी टोइंगवर माझ्या दारात यायची, आणि मी पायाजवळच्या कार्पेटखालचं बटण दाबून द्यायचो. टोइंगचे पैसे माझ्या मजुरीच्या कितीतरी पट. मालकाची मॅन्युअल ग्लोव्हबॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं सील न फोडलेलं.

आता बटणातून करंट जवळजवळ जातच नाही. बटण कॉम्प्युटरला नुसतं कळवतं, दिवा लावायचा की नाही ते तो ठरवतो. दुचाकींच्या हेडलाइटचा खटका तर १ एप्रिल २०१७ पासून कायद्यानेच गेला, इंजिन चालू की दिवा चालू. चारचाकीत एसी, काचेचा वारा, दिव्यांच्या सेटिंग सगळं स्क्रीनवर. वायरचं बंधन सुटलं, खटका आता कुठेही बसवता येतो. अशी मोकळीक मिळाल्यावर तो हाताशी यायला हवा होता. तो काचेखाली गेला, तिथे बोटाला काही लागत नाही, बघावंच लागतं. आणि यातही पैसाच आहे, वीस बटणांपेक्षा एक स्क्रीन स्वस्त पडते. युरोपात गाड्यांची टक्कर-चाचणी घेऊन तारे देणाऱ्या युरो एनकॅपने सांगितलंय की २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हझार्ड आणि मदतीचा कॉल यांना खरे खटके नसतील तर पुरते तारे मिळणार नाहीत. तिकडच्या इंजिनिअरांना हे कळायला थोडा उशीर झाला, आमच्या टॅक्सीवाल्यांना विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

माझ्याकडे अजून फॉग लॅम्प बसवायला लोक येतात. मुलगा लॅपटॉप लावून गाडीचा कॉम्प्युटर बघतो, रिलेची जोडणी मी करतो. खटका कुठे बसवू असं विचारलं की गिऱ्हाईक डॅशबोर्डवर जिथे तो छान दिसेल तिथे बोट ठेवतं. मी म्हणतो, सीटवर बसा, पट्टा लावा, डोळे मिटा आणि हात पुढे करा. जिथे बोटं टेकतील तिथे मी मार्करने खूण करतो आणि ड्रिल घेतो.